राणीछाप, राजाछाप आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात मी या पानावर एका नाण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. माझी भाची लेस्टरहून आली तेव्हा तिने माझ्या हातावर ५० पेन्सचं सातकोनी नाणं ठेवलं. त्यावर एलिझाबेथ राणीऐवजी राजे तिसरे चार्ल्स होते. एकतीस वर्षं मी नाशिकरोडला एका सहकारी बँकेत कॅश सांभाळली. रोज थैल्याच्या थैल्या चिल्लर हाताखालून गेली, पण दोन राजवटींची नाणी शेजारीशेजारी ठेवली आहेत आणि दोन्ही चालू आहेत, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या चार ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना एकेक करून लिहिणं शक्य नाही, म्हणून आठ प्रश्न इथे घेते.

ताई, माझा मुलगा बर्मिंगहॅमला नोकरीला असतो. सुट्टीवर येताना डबाभर चिल्लर घेऊन आला, सगळ्यावर राणी. आता राणी नाहीत, तर ही नाणी तिकडे चालतील का? सरकारने ती परत गोळा का केली नाहीत?
— एक गृहिणी, संगमनेर

खुशाल परत नेऊ द्या. राणी ८ सप्टेंबर २०२२ रोजी गेल्या, पण त्यांच्या चेहऱ्याची चालू नाणी आजही पूर्ण किमतीला चालतात. फक्त डब्यात एक पौंडाचं जुनं, पूर्ण गोल, एकाच रंगाचं नाणं असेल तर ते बाजूला काढा. ते ऑक्टोबर २०१७ मध्येच बंद झालं, आणि त्याचा राणीशी काही संबंध नव्हता. गोल पौंडात नकली नाणी फार झाली होती, म्हणून बारा कडांचं दोनरंगी नाणं आणलं. दुकानदार आता गोल पौंड घेणार नाही, मुलाने तिथल्या बँकेत आपल्या खात्यात भरावा.

गोळा का केली नाहीत, तर राणी गेल्या तेव्हा ब्रिटनमध्ये त्यांच्या चेहऱ्याची सुमारे २,७०० कोटी नाणी फिरत होती. ती मागवायची, मोजायची, वितळवायची, तेवढीच नवी पाडायची, आणि दरम्यान लोकांनी सुट्टे कुठून आणायचे? नाणं साधारण वीस वर्षं टिकतं. झिजलेलं नाणं बँकेतून मागे जातं आणि त्या जागी नवं येतं. आम्ही काउंटरवर मळक्या नोटांचं हेच करायचो: चांगली नोट पुन्हा गिऱ्हाइकाच्या हाती, मळकी वेगळ्या बंडलात. चेहरा बदलतो तो असा, झिजेझिजेने.

राजांचं पहिलं नाणं ८ डिसेंबर २०२२ रोजी लोकांच्या हाती आलं, तेही टपाल कार्यालयांतून सुट्टे म्हणून. ते ५० पेन्सचं होतं आणि त्या महिन्यात अशी ४९ लाख नाणी सोडली. भाचीने आणलं ते यातलंच. त्याच्या काट्याच्या बाजूला चार ढाली आहेत. राणीच्या १९५३ च्या राज्याभिषेकाच्या नाण्यावरची नक्षी तिथे पुन्हा घेतली आहे. राजाच्या पहिल्या नाण्याची एक बाजू आईच्या आठवणीला दिली, हे मला फार आवडलं. नंतरच्या नाण्यांवर तिथले प्राणी-पक्षी आले: दोन पेन्सवर लाल खार, ५० पेन्सवर सामन मासा, पौंडावर मधमाश्या. आकडे मुद्दाम मोठे ठेवलेत, लहान मुलांना मोजायला शिकताना ओळखू यावेत म्हणून.

जुने-नवे चेहरे एकत्र फिरण्याची तिथल्या लोकांना जुनी सवय आहे. १९७१ मध्ये ब्रिटनने दशमान पद्धत आणली, तोवर सुट्ट्या पैशांत व्हिक्टोरिया राणीची पेनी सापडायची. ती राणी जाऊन तेव्हा सत्तर वर्षं झाली होती.

काकू, मी नववीत आहे. सर म्हणाले की नाण्यावर राजा डावीकडे बघतो आणि राणी उजवीकडे. असा नियम आहे का? आणि चार्ल्स राजाच्या डोक्यावर मुकुट का नाही?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

सरांनी पाहिलं ते बरोबर, पण नियम राजा-राणीचा नाही, पाळीपाळीचा आहे. सतराव्या शतकात दुसऱ्या चार्ल्सपासून प्रथा पडली की नवा राजा आधीच्या राजाच्या उलट दिशेला तोंड करणार. एलिझाबेथ उजवीकडे बघत होत्या, म्हणून चार्ल्स डावीकडे.

हे तुला कोल्हापुरात बसून तपासता येईल. घरात किंवा सराफाकडे जुने रुपये असतील तर ओळीने मांड. १८३५ चा चौथा विल्यम उजवीकडे, व्हिक्टोरिया डावीकडे, सातवा एडवर्ड उजवीकडे, पाचवा जॉर्ज डावीकडे. आता सहावा जॉर्ज कुठे बघायला हवा? उजवीकडे. पण तोही डावीकडेच बघतो! इथे एक नाणं गाळलेलं आहे. मध्ये आठवा एडवर्ड होऊन गेला. तो जानेवारी १९३६ मध्ये गादीवर आला आणि डिसेंबरात गादी सोडून गेला. अकरा महिनेही भरले नाहीत. पाळी त्याची उजवीकडची होती, पण त्याला आपली डावी बाजू जास्त चांगली वाटायची आणि त्याने डावीकडेच बघायचा हट्ट धरला. त्याच्या चेहऱ्याची नाणी चलनात येण्याआधीच तो पायउतार झाला. पुढे त्याचा भाऊ सहावा जॉर्ज आला तेव्हा टांकसाळीने असं धरलं, की एडवर्डने प्रथा पाळली असती तर तो उजवीकडे असता, म्हणून आता डावीकडे. न निघालेल्या नाण्याचीही पाळी मोजली.

मुकुटाचं असं आहे, की ब्रिटनमधल्या नाण्यांवर अलीकडचे राजे उघड्या डोक्याचेच दिसतात, एलिझाबेथ राणीला मात्र पहिला चेहरा सोडला तर मुकुट असायचा. आपल्याकडे सातवा एडवर्ड रुपयावर बोडका आहे, त्याच्यानंतरच्या दोन्ही जॉर्जना मुकुट आहे.

तू पत्राच्या शेवटी विचारलंयस की चित्र कोण काढतं. चार्ल्स यांचा चेहरा मार्टिन जेनिंग्ज या शिल्पकाराने फोटोंवरून घडवला. आधी मोठ्या आकारात हाताने शिल्प, मग त्याची संगणकावर छोटी प्रत, तिच्यावरून पोलादी ठसा, आणि ठशाखाली धातूची गोल चकती दाबली की नाणं. हे काम वेल्समध्ये लँट्रिसंट नावाच्या गावी रॉयल मिंटमध्ये चालतं. राणीचे सत्तर वर्षांत पाच वेगवेगळे चेहरे झाले, पहिला तरुण मुलीचा, शेवटचा आजीचा. पाचही एका ओळीत लावले की एका बाईचं अख्खं वय डोळ्यांपुढून जातं. तुमच्या शाळेत कुणाचे नातेवाईक तिकडे असतील तर हा संच जमवायला सांग. फारसा खर्च नाही.

नमस्कार. माझे थोरले बंधू लंडनला असत. ते वारल्यावर त्यांच्या फाइलमध्ये २० पौंडांच्या चार आणि ५० पौंडांची एक अशा कागदी नोटा सापडल्या, सगळ्यांवर राणी. एकाने सांगितलं की राणी गेल्यामुळे त्या रद्द झाल्या. आता काय करावं?
— एक निवृत्त अभियंता, सातारा

बंधूंच्या जाण्याचं वाचून वाईट वाटलं. नोटा फेकू नका. त्या चलनातून गेल्या आहेत हे खरं, पण कारण वेगळं आहे. ब्रिटनने कागदाऐवजी पॉलिमरच्या, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या नोटा आणल्या आणि कागदी २० व ५० पौंडांची मुदत ३० सप्टेंबर २०२२ रोजी संपवली. ती तारीख आधीच ठरलेली होती. राणी गेल्या त्यानंतर तीन आठवड्यांनी ती आली आणि अनेकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. दुकानात त्या नोटा चालणार नाहीत, पण बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटांची किंमत कायम देते, मुदत नाही. लंडनमध्ये थ्रेडनीडल स्ट्रीटवर त्यांच्या मुख्य इमारतीत बदलून मिळतात. तिकडे राहणारं विश्वासाचं कुणी असेल तर त्यांच्याकडे द्या, आणि नोटांचे नंबर आधी वहीत उतरवून घ्या. ही माझी कॅशमधली सवय आहे, तुम्हीही लावून घ्या.

तुमच्या ५० पौंडांच्या नोटेच्या पाठीमागे दोन पुरुष असतील तर ते बोल्टन आणि वॅट, वाफेच्या इंजिनवाले. यातल्या बोल्टनच्या बर्मिंगहॅमजवळच्या कारखान्यात मुंबई इलाख्यासाठी १७९१ मध्ये तांब्याची नाणी पाडून जहाजाने इकडे पाठवली होती. नोट बदलून घेण्याआधी एकदा नीट बघून घ्या.

राजांच्या नोटा ५ जून २०२४ रोजी आल्या: ५, १०, २० आणि ५० पौंड. पुढचा चेहरा आणि पारदर्शक खिडकीतलं छोटं चित्र एवढंच बदललं, मागची बाजू तीच राहिली. नव्या नोटा छापल्या जातात त्या खराब झालेल्यांच्या जागी, किंवा मागणी वाढली तर. राणीच्या पॉलिमर नोटा चालूच आहेत. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेवर राजघराण्यातला चेहरा पहिल्यांदा आला तोच १९६० मध्ये, एलिझाबेथ राणीचा. त्याआधी कुठल्याच राजाचा नव्हता. म्हणजे नोटेवरचा राजा बदलण्याची वेळ त्या बँकेवर चार्ल्स यांच्यामुळे पहिल्यांदा आली.

इंग्रजी अमलात राजा वारला की आपल्याकडची नाणी लगेच बदलत असत का? माझ्या संग्रहात १८४० चे दोन रुपये आहेत. एकावर 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं डोक्यावरून सलग जातात, दुसऱ्यावर मधे तुटतात. एकाच वर्षी दोन प्रकार कसे?
— एक निवृत्त शिक्षक, दादर

सर, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस कपाटातले डबे काढून बसले होते. याला थोडं लांब उत्तर देते.

लगेच तर सोडाच, आपल्याकडे मेलेल्या राजाची नाणी वर्षानुवर्षं पडत राहिली. मोगल रिवाजाप्रमाणे राज्य आपलं झालं हे दोन गोष्टींनी कळायचं: मशिदीत आपल्या नावाचा खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, आणि बाजारात आपल्या नावाचा सिक्का. नव्या बादशहाचा रुपया लागलीच निघायचा, त्यावर त्याच्या राज्याचं कितवं वर्ष ते लिहिलेलं असायचं. पण त्यातून सराफांचा धंदा सुरू झाला. चालू वर्षाचा रुपया पूर्ण किमतीचा, जुन्या वर्षाचा असला की बट्टा. चांदी तेवढीच, तरी तारखेसाठी शेतकऱ्याचे पैसे कापले जायचे. मला या प्रथेची मनापासून चीड येते. काउंटरवर सुट्टे मागायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी दहाच्या जागी नऊ द्यावेत, तसा हा प्रकार.

ईस्ट इंडिया कंपनीने बंगालात यावर तोड काढली ती अशी, की वर्षच गोठवून टाकलं. कलकत्त्याच्या रुपयावर शाह आलम बादशहाचं नाव आणि 'सन १९', कितीही वर्षं गेली तरी १९. आपल्या बाजूला सुरती रुपया होता, त्यावर शाह आलमचंच नाव आणि ४६ वं वर्ष. शाह आलम १८०६ मध्ये वारला. त्याच्या नावाचा रुपया १८३५ पर्यंत पडत होता. म्हणजे एकोणतीस वर्षं एक मेलेला, त्याआधी आंधळा केलेला बादशहा लोकांच्या कनवटीला होता, आणि रुपया पाडणारे होते इंग्रज.

आपल्या मराठी मुलखातही हेच दिसतं, फक्त तिथे कारण प्रेमाचं आणि मानाचं होतं. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई काढली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराज १६८० मध्ये गेले. शिवराई मात्र पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही त्यांच्याच नावाने पडत राहिली, पेशवाई बुडाल्यावरही बाजारात चालत राहिली. ज्यांना शक्य असेल त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयात जावं. शिवराया इतक्या हातांच्या आणि इतक्या वळणांच्या आहेत, की 'शिव' हे दोन अक्षरी नाव किती कारागिरांनी आपापल्या परीने कोरलं ते डोळ्यांनी बघता येतं. एकावर तर 'व' काठाबाहेर गेलाय.

आता तुमचे रुपये. १८३५ मध्ये कंपनीने सगळ्या मुलखाला एकच रुपया केला, त्यावर चौथा विल्यम. तो १८३७ मध्ये वारला, तरी त्याचा १८३५ सालचा रुपया १८४० पर्यंत पडत होता. मग व्हिक्टोरियाचा आला, त्यावर १८४०. आणि पुढची वीस-एकवीस वर्षं जो रुपया पडला त्या प्रत्येकावर १८४० हेच साल राहिलं. तुमचा सलग अक्षरांचा रुपया आधीचा, तुटक अक्षरांचा नंतरचा. साल एक, पण दोघांच्या वयात अंतर आहे. साल न बदलण्यामागे तीच जुनी बट्ट्याची भीती होती, की तारीख दिसली की सराफ कापणार.

१८५७ नंतर कंपनी गेली आणि १८६२ च्या रुपयावरून तिचं नावही गेलं. १८७७ पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं. राणी जानेवारी १९०१ मध्ये गेली, पण १९०१ सालचा रुपया तिचाच आहे, सातव्या एडवर्डचा पहिला १९०३ चा. पाचव्या जॉर्जच्या वेळी १९११ मध्ये घाई झाली आणि अंगाशी आली. राजाच्या झग्यावर मानचिन्हाच्या साखळीत छोटा हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड झाली, की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांत त्यावरून नाराजी पसरली. बहुतेक रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ मध्ये सोंड लांब करून नवा ठसा केला. तो १९११ चा रुपया आज 'पिग रुपी' म्हणून ओळखला जातो. १९१२ च्या रुपयाशेजारी ठेवून भिंगातून बघा, हत्तीच्या पायांतला आणि सोंडेतला फरक स्पष्ट दिसतो.

आठव्या एडवर्डचा इंग्रजी रुपया निघालाच नाही. पण त्याचं नाव नाण्यावर बघायचं असेल तर कच्छकडे वळा. तिथल्या संस्थानाच्या १९३६ च्या 'कोरी' या नाण्यावर फारसी अक्षरांत एडवर्डचं नाव आहे, मागे देवनागरीत महाराव खेंगारजींचं. जो राजा ब्रिटनमध्ये चलनात आला नाही, तो भुजच्या टांकसाळीने आणला.

आजोबांच्या पेटीत एक पोर्तुगीज रुपया सापडला, १९१२ सालचा. त्यावर राजा नाही, बाईचं डोकं आहे. पोर्तुगालमध्ये तेव्हा कोणती राणी होती?
— एक वाचक, मडगाव

राणी नव्हती, राजाही उरला नव्हता. गोव्याच्या रुपयांवर १८८१-८२ मध्ये दों लुईश राजा होता, १९०३ च्या सुमारास दों कार्लुश. कार्लुशचा १९०८ मध्ये लिस्बनच्या रस्त्यात खून झाला, त्याचा धाकटा मुलगा मानुएल गादीवर आला आणि ऑक्टोबर १९१० मध्ये राजेशाहीच उलथली. तुमच्या नाण्यावरची बाई म्हणजे प्रजासत्ताकाचं प्रतीक. राजाचा चेहरा काढल्यावर रिकाम्या जागी काय ठेवायचं, याचं पोर्तुगालने दिलेलं ते उत्तर आहे. आजोबांनी जपलं, तुम्हीही जपा. तीस वर्षांत एका छोट्या मुलखाच्या रुपयावर दोन राजे आणि एक प्रजासत्ताक येऊन गेले, हे तिन्ही एका डबीत ठेवता आले तर किती छान.

भारत स्वतंत्र झाला त्या दिवशी इंग्रज राजाच्या नोटा-नाण्यांचं काय केलं?
— एक महाविद्यालयीन प्राध्यापक, नागपूर

त्या दिवशी काहीच नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला लोकांनी पेढे घेतले तेही सहाव्या जॉर्जच्या पैशांनी. १९४७ चा निकलचा रुपया बघा, छाप्यावर राजा, काट्यावर वाघ. राजाचा चेहरा जाऊन सारनाथचे सिंह नाण्यावर आले ते १५ ऑगस्ट १९५० ला, आणि वाघाच्या जागी धान्याची कणसं आली. नोटांमध्ये पहिली १९४९ ची एक रुपयाची. राजाच्या जागी महात्मा गांधींचं चित्र घ्यावं असा विचार झाला होता, तशी संकल्पचित्रंही तयार झाली होती, पण शेवटी सिंहस्तंभ ठरला. गांधीजी नोटेवर आले ते १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, आणि कायमचे १९९६ पासून.

मला स्वतःला या काळातली सर्वांत जवळची वाटते ती सहाव्या जॉर्जची रिझर्व्ह बँकेची नोट. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये निघाली, पाच रुपयांची. माझ्याकडे आहे ती थोडी नंतरची दहाची, घडीवर विरलेली. राजा मुकुट घालून बसलाय आणि खाली सही आहे 'सी. डी. देशमुख'. आपले चिंतामणराव, रायगड जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. चेहरा लंडनच्या राजाचा आणि 'देण्याचं वचन' महाडकडच्या माणसाचं. तोवर नोटा छापल्याही आमच्या नाशिकरोडला जात होत्या. १९२८ च्या आधी त्या बँक ऑफ इंग्लंड छापून पाठवायची.

उलट बाजूही सांगते. ब्रिटनच्या स्वतःच्या नाण्यांवर राजाच्या नावापुढे 'इंड इम्प' ही अक्षरं असत, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. १९४८ च्या नाण्यावर ती आहेत, १९४९ च्या नाण्यावर नाहीत. लेस्टरच्या भाचीकडून मी या दोन सालांच्या पेन्या मुद्दाम मागवल्या. अक्षरं गेली त्या जागेवरून मी बोट फिरवून पाहिलं.

इतर देशांतही राजा बदलला की असंच होतं का?
— एक वाचक, ठाणे

थोडक्यात सांगते. थायलंडचे राजे भूमिबोल ऑक्टोबर २०१६ मध्ये गेले, नव्या राजाची नाणी-नोटा ६ एप्रिल २०१८ पासून आल्या. जपानच्या नाण्यांवर सम्राटाचा चेहरा नसतो, पण साल त्याच्या राजवटीचं असतं. जानेवारी १९८९ मध्ये सम्राट हिरोहितो गेले तेव्हा त्यांच्या 'शोवा' राजवटीचं ६४ वं वर्ष सातच दिवसांचं ठरलं, तरी त्या वर्षाची नाणी आहेत. ऑस्ट्रेलियाने नाण्यांवर चार्ल्स घेतले, पण पाच डॉलरच्या नोटेवर राजाऐवजी तिथल्या मूळ रहिवाशांची संस्कृती घ्यायचं ठरवलं. कॅनडाने २०२२ च्या अखेरीस दोन डॉलरच्या नाण्याची बाहेरची कडी काळी केली, राणीच्या दुखवट्याची.

ताई, आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला सासूबाईंचा राणीछाप रुपया पूजेत असतो, १८६२ सालचा. काळा पडलाय. घासून लखलखीत करू का? फोनवर एकाने त्याचे पाच लाख सांगितले आणि आधी तीन हजार रुपये 'नोंदणी' भरायला सांगितली. भरू का?
— एक वाचक, जळगाव

आधी दुसऱ्याचं उत्तर: एक पैसाही भरू नका. जुन्या नाण्यांच्या नावाने अशी फसवणूक इतकी वाढली, की २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने लोकांना सावध केलं. विकत घेणारा कधी तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही. १८६२ चे रुपये भरपूर आहेत. त्यात एक तोळा वजन, ११.६६ ग्रॅम, आणि बाराला अकरा भाग चांदी आहे. सराफाकडे चांदीचा भाव तर मिळतोच, पण तुम्ही विकू नये असं मला वाटतं.

हा रुपया चलनातून कसा गेला तेही सांगते, कारण लोकांना वाटतं राणी गेली म्हणून गेला. राणी गेल्यावर तो चाळीस वर्षं चालला. दुसऱ्या महायुद्धात चांदीची तंगी झाली, म्हणून १९४१ मध्ये व्हिक्टोरियाचे, १९४२ मध्ये एडवर्डचे आणि १९४३ मध्ये जॉर्जचे जुन्या चांदीचे रुपये बंद केले. ज्या बायकांनी ते तेव्हा जमा केले नाहीत, त्यांच्यामुळे आज तुमच्या पूजेत तो आहे.

आणि घासू मात्र नका, हात जोडून सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी आजोबांनी दिलेला असाच रुपया चिंच आणि रांगोळी लावून घासला. लखलखला खरा, पण राणीच्या झग्यावरची फुलाफुलांची नक्षी पुसट झाली आणि ती परत येत नाही. आजोबा काही बोलले नाहीत, रुपया मुठीत धरून बसून राहिले. चांदीवरचा काळा थर नाण्याला राखतो. कोमट पाण्यात धुवा, मऊ सुती कापडाने टिपा, कडेने धरा, बोटं चेहऱ्यावर लावू नका. पूजेत हळद-कुंकू थेट नाण्यावर न वाहता शेजारी वाहा.

मग एक काम करा. मुंबईच्या टांकसाळीने १८६२ हेच साल १८७४ पर्यंत ठेवलं, पण टांकसाळीला स्वतःला वर्ष कळावं म्हणून सालाच्या खाली, काही नाण्यांवर वरच्या अंगालाही, बारीक ठिपके द्यायला सुरुवात केली. वर्ष पुढे गेलं की ठिपके वाढत. सकाळच्या उन्हात खिडकीशी बसा, भिंग घ्या आणि रुपया थोडा तिरका धरा. आकड्यांखाली ठिपके आहेत का ते बघा, असतील तर मोजा, आणि किती भरले ते मला कळवा.